कोलॅजनची डबी घेण्याआधी

गेल्या पौर्णिमेला विहारातला कार्यक्रम आटोपून मी बाहेर चपला शोधत होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एका ताईंनी मला बाजूला घेतले. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक डबी काढली आणि हळूच विचारले, "सिस्टर, हे लावून सुरकुत्या खरंच जातात का हो? दोन महिने झाले लावतेय."

डबीवर सोनेरी अक्षरांत कोलॅजन असे लिहिलेले. किंमत नऊशे रुपये. ही दुसरी डबी होती. म्हणजे अठराशे रुपये, आणि तेही बचत गटातून उचललेले. हप्ता अजून चालू आहे.

ताईंचे वय सेहेचाळीस. चार घरी पोळ्यांची कामे करतात. त्यातल्या एका घरी मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आता फार थकलेल्या दिसता, झेपतं का काम?" आणि पुढच्या महिन्यात तिथे पंचविशीतली दुसरी मुलगी लागली. ताईंचे हात थकलेले नाहीत, अजून त्या तासाभरात चाळीस पोळ्या लाटतात. पण चेहरा थकलेला दिसला, आणि काम गेले. त्याच आठवड्यात वस्तीतलीच एक मैत्रीण ही डबी घेऊन दारात आली. तिने स्वतः कुठल्याशा योजनेत पैसे भरून वीस डब्या घेतल्या आहेत, त्या खपल्या नाहीत तर तिचेही पैसे अडकणार.

हे सगळे सांगते आहे ते अशासाठी, की या विषयावर बोलताना आपल्याकडचे पुरुष लगेच "बायकांना नटायची हौस" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. नीटनेटके दिसावे असे वाटणे ही काही चूक नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायकांशी मुद्दाम त्यांच्या राहणीबद्दल बोलणे केले होते, लुगडे कसे नेसावे, अंगावर कुठले दागिने नकोत, हेही सांगितले होते. दुसऱ्या दिवशी बायका वेगळ्या पद्धतीने लुगडी नेसून आल्या. आपल्या दिसण्याचा आपल्या मानाशी संबंध आहे, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. अठराशे रुपयांत ताईंना काय मिळाले, हा प्रश्न आहे.

मी त्यांना जे उत्तर दिले ते असे: डबीतले कोलॅजन तुमच्या कातडीत जातच नाही.

कोलॅजन हे काही थोतांड नाही, ते खरेच आपल्या अंगात असते. आपल्या कातडीचा वरचा पापुद्रा फार पातळ. त्याच्याखाली जो जाड थर आहे तो मुख्यतः कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला असतो. त्या थरातले पाणी वजा केले तर उरलेल्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या कोलॅजनचा. जुन्या बाजेची नवार आठवा. नवी असते तेव्हा घट्ट ताणलेली, वर्षानुवर्षे वापरून ती सैल पडते, मध्ये झोळ येतो. कातडीचे तसेच होते. विशी-पंचविशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्का कोलॅजन कमी होत जाते, आणि पाळी थांबल्यावर पहिल्या काही वर्षांत हा वेग वाढतो. कंपन्या जाहिरातीत इथपर्यंत जे सांगतात ते खरे आहे. खोटे पुढे सुरू होते.

पुढे त्या म्हणतात, कमी झालेले कोलॅजन आम्ही बाहेरून भरून देतो. आता रेणूचे वजन मोजण्याचे एक माप आहे, त्याला डाल्टन म्हणतात. कातडीच्या वरच्या पापुद्र्यातून साधारण पाचशे डाल्टनपर्यंतचे रेणू आत झिरपू शकतात. औषधशास्त्रातला हा ठोकताळा २००० साली मांडला गेला आणि मलमे बनवणारे तो आजही धरून चालतात. कोलॅजनचा अख्खा रेणू असतो सुमारे तीन लाख डाल्टनचा. सहाशे पट मोठा. रव्याच्या चाळणीतून नारळ घालायचा प्रयत्न करण्यासारखे झाले हे. काही डब्यांवर 'हायड्रोलाइज्ड' असा शब्द असतो, म्हणजे तोडून बारीक केलेले कोलॅजन. तेही बहुधा दोन-पाच हजार डाल्टनचे, म्हणजे तरीही मोठेच. आणि समजा, एखादा तुकडा आत गेलाच, तरी तो जाऊन नवारीत आपोआप विणला जात नाही. बाजेवर नवारीचे तुकडे पसरून ठेवले म्हणून बाज घट्ट होत नाही. कोलॅजन विणण्याचे काम कातडीतल्या पेशी आतून करतात, आपल्या खाण्यातून आलेल्या कच्च्या मालावर.

मग ताई म्हणाल्या, "पण लावल्यावर चेहरा मऊ लागतो की!" लागतो, खरे आहे. कोलॅजन पाणी धरून ठेवते आणि चेहऱ्यावर त्याचा पातळ थर बसतो, म्हणून कातडी तुकतुकीत दिसते, बारीक रेषा थोड्या भरल्यासारख्या वाटतात. तोंड धुतले की संपले. शिवाय डबीच्या मागचे बारीक अक्षर वाचून पाहा. जो घटक जास्त तो आधी लिहायचा असतो. त्या डबीवर पहिले पाणी, मग ग्लिसरीन, मग मेण-तेलाचे प्रकार, आणि ज्याच्या नावाने नऊशे रुपये घेतले ते कोलॅजन वासाच्या द्रव्याच्या जवळपास, पार शेवटी. मऊपणा आला तो मुख्यतः ग्लिसरीनचा. साधे ग्लिसरीन मेडिकलमध्ये किती रुपयांना मिळते, हे आपल्याला माहीत आहे. पेट्रोलियम जेली कातडीतले पाणी उडून जाऊ न देण्यात फार चांगली, आणि कोरड्या कातडीवर खोबरेल तेलाचीही चाचणी झालेली आहे, तेही उपयोगी ठरले. तेलकट चेहऱ्याच्या तरुण मुलींनी मात्र तेल तोंडावर थापू नये, पुटकुळ्या येतात. अंघोळीनंतर अंग अर्धवट ओले असतानाच लावावे, एवढी एक गोष्ट केली तरी डबीइतका फरक दिसतो.

इथे एक गंमत सांगते. कोलॅजन हा शब्द 'कोला' या ग्रीक शब्दावरून आला आहे. कोला म्हणजे सरस. सुतार लाकूड चिकटवायला पूर्वी वापरत तोच सरस, जनावरांचे कातडे आणि हाडे उकळून काढलेला. आजही बाजारातले बहुतेक कोलॅजन गाई-बैलांच्या कातडीतून, डुकराच्या कातडीतून किंवा माशांच्या कातडी-खवल्यांतून काढतात. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम ज्यांच्या पणजोबांच्या गळ्यात बांधले होते, आणि त्याच कामावरून ज्यांना गावाबाहेर ठेवले होते, त्यांच्याच पणतीला आज त्याच कातड्यातला पदार्थ सोनेरी डबीत घालून नऊशे रुपयांना विकला जातो आहे. असो.

डबीबरोबर आता पावडरही येऊ लागली आहे, पाण्यात घालून प्यायची. किंमत डबीच्या दुप्पट-तिप्पट. पोटात गेलेले कोलॅजन इतर कुठल्याही प्रथिनासारखेच पचते, त्याचे बारीक तुकडे होतात आणि शरीर ते आपल्या गरजेप्रमाणे वापरते. ते थेट गालावर जाईल असे पोटाला कोणी सांगितलेले नसते. यावर माणसांवर केलेल्या चाचण्या आहेत, आणि काहींत फायदा दिसल्याचे लिहिलेले आहे, हे मी लपवत नाही. पण २०२५ साली अशा तेवीस चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. कंपन्यांच्या पैशावर झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला, ज्यांत कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत दिसला नाही. यावर मी आणखी काय बोलू? घरी पाया शिजतो त्या रश्श्यात हेच कोलॅजन उतरते, म्हणून तर तो गार झाल्यावर थिजतो. रस्सा चवीसाठी खुशाल खा. त्याने सुरकुत्या जातील अशी आशा धरू नका, आणि पावडरकडूनही धरू नका.

खाण्यातली एक गोष्ट मात्र कोलॅजनला खरोखर लागते, ती म्हणजे क जीवनसत्त्व. ते नसेल तर शरीराने विणलेले कोलॅजन कच्चे राहते. हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशी याने मरत. पेरू, आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला यांत ते भरपूर आहे. लिंबू वरणावर शेवटी पिळा, उकळत्या वरणात नको. पण गरजेपुरते मिळाले की त्याहून जास्त आवळे खाऊन तरुण दिसता येत नाही, हेही सांगून ठेवते.

मग कातडी म्हातारी होते ती कशाने? वयाने होतेच, त्याला इलाज नाही. पण चेहऱ्यावर आणि हातांवर जे दिसते त्यातले बरेचसे वयाचे नसते, उन्हाचे असते. खात्री करायची तर आत्ता हे वाचता वाचता बाही वर करा. दंडाची आतली बाजू, जिथे कधी ऊन लागत नाही, तिथली कातडी पाहा. मग हाताची पाठ पाहा. दोन्हींचे वय एकच आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एका मालवाहू गाडीच्या चालकाचा फोटो छापून आला होता. माणूस एकोणसत्तर वर्षांचा, अठ्ठावीस वर्षे गाडी चालवलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतले ऊन त्याच्या डाव्या गालावर. उजवा गाल साठीचा वाटावा आणि डावा ऐंशीचा, इतका फरक. उन्हातले अतिनील किरण कातडीत असे पाचक रस जागे करतात जे कोलॅजनचे धागे कुरतडतात. विडी-सिगारेटही हेच करते.

आपला सावळा रंग इथे आपल्या बाजूने उभा राहतो. कातडीतला रंग म्हणजे नैसर्गिक छत्री. गोऱ्या लोकांना तिशीत पडणाऱ्या सुरकुत्या आपल्याला पुष्कळ उशिरा पडतात. आपल्याकडे ऊन आधी दिसते ते डागांत. गालावर वांग येते, कपाळ काळवंडते. आणि बायकांची खरी तक्रार बहुतेक वेळा तीच असते, सुरकुत्या हे फक्त डबीवरचे नाव.

ऑस्ट्रेलियात, तिथे ऊन कडक आणि माणसे गोरी, नऊशेहून अधिक लोकांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, निम्म्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले. साडेचार वर्षांनी पाहिले तर रोज लावणाऱ्यांची कातडी जवळजवळ चोवीस टक्के कमी म्हातारी झालेली आढळली. कोलॅजनच्या कुठल्याही डबीमागे असा पुरावा नाही. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील तर तीस एसपीएफचे साधे सनस्क्रीन घ्या, असे मी सांगते. पण माझेही सांगणे अर्धवट आहे, हे मला कळते. ते नीट लागू पडायला जाड थर हवा, घाम आला की दर दोन तासांनी पुन्हा हवे. दिवसभर रस्ता झाडणारी, कचरा वेचणारी, स्लॅबवर घमेली वाहणारी बाई ते कुठून करणार? तिच्यासाठी कापड हेच सनस्क्रीन. बांधकामावरच्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल बांधतात. शहरातल्या मुली त्यांना हसतात. कातडीच्या डॉक्टरांना विचारा, त्या बायका शंभर टक्के बरोबर आहेत. गडद, घट्ट विणीचे सुती कापड, रुंद काठाची टोपी, छत्री, आणि शक्य असेल तिथे बाहेरची कामे दहाच्या आत. सफाई कामगार भगिनींना कंत्राटदार टोपी देत नसेल तर हातमोजे आणि बुटांच्या मागणीत टोपीचीही ओळ घाला. ती चैनीची मागणी नाही.

सुरकुत्यांवर खरे औषध अजिबात नाही असे नाही. ट्रेटिनॉइन नावाचे मलम आहे, त्याचा रेणू सुमारे तीनशे डाल्टनचा, म्हणजे चाळणीतून जाणारा. उन्हाने बिघडलेल्या कातडीवर त्याचा उपयोग १९८० च्या दशकापासून अभ्यासलेला आहे. पण फरक दिसायला महिने लागतात, सुरुवातीला कातडी सोलते, लाल होते, ऊन जास्त बाधते, आणि गरोदरपणात ते वापरायचे नाही. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जा, रांग लागते, पण तिथे कोणी तुम्हाला डबी विकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मुळात लिहायला घेतला, ती. कोलॅजनची डबी निरुपयोगी आहे, पण घातक नाही. ती फक्त पैसे घेते. घातक आहे तो तिच्यानंतरचा टप्पा. दोन महिने लावून काही होत नाही म्हणून बाई कंटाळते, मग दुकानदार किंवा पार्लरवाली म्हणते, "हे घ्या, आठ दिवसांत फरक." आणि आठ दिवसांत खरोखरच फरक पडतो! चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो. तीस वर्षे दवाखान्यात काढल्यावर मी एवढेच शिकले, की जे मलम आठ दिवसांत चेहरा पालटते त्याला जास्त भ्यावे.

त्यात बहुधा स्टिरॉइड असते. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर समजा. ही खरी औषधे आहेत, इसबावर डॉक्टर थोडे दिवस देतात. पण महिनोन्महिने तोंडावर लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते. बंद केले की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. स्टिरॉइड कातडीतले कोलॅजन बनणेच कमी करते. कोलॅजन वाढवायला निघालेली बाई अशा रीतीने असलेलेही घालवून बसते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती काउंटरवर मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

दुसरा धोका पाऱ्याचा. गोरे करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. प्रत्यक्षात काही डब्यांत तो हजारो पट निघाला आहे. तो मात्र कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेल्या बायकांवर उपचार झाले आहेत. कुठलेही क्रीम लावणाऱ्या बाईचे पाय किंवा डोळ्यांखालचा भाग सुजू लागला, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवून डबीसकट दवाखान्यात जावे. डबी टाकून देऊ नये, ती डॉक्टरांना दाखवायची आहे.

डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी, यांतले एकही नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. फसवणूक झाली असे वाटले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार करता येते. मैत्रिणीकडून घेतलेली असेल तर मैत्रिणीशी भांडू नका. ती स्वतः फसलेली आहे. तिच्या वीस डब्या कंपनीने परत घ्याव्यात यासाठी तिच्याबरोबर बसून अर्ज लिहा.

त्या ताईंना मी एवढे सगळे एका दमात सांगितले नाही. चपला सापडेपर्यंत जेवढे झाले तेवढे झाले, उरलेले पुढच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग त्या बाईंकडचं काम परत मिळेल असं काही आहे का तुमच्याकडे?" माझ्याकडे नव्हते. मंडळातल्या एकीने दुसऱ्या सोसायटीत विचारून ठेवले आहे, बघू.

उरलेली डबी त्यांनी फेकली नाही. रात्री टाचांच्या भेगांना लावतात. तिथे बरी लागू पडते म्हणाल्या.